मदत हवी आहे: अपडेट मारूनही अपाची वेब सर्व्हर ‘असुरक्षित’च दिसतोय

ऐरोलीकर:
सोमवारी ऑडिट क्लोज करायचंय. स्कॅनमध्ये लाल शेरा: डिनायल ऑफ सर्व्हिस (सर्व्हर ठप्प पाडता येतो), सीव्हीई-२०२३-४५८०२ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या त्रुटीचा नंबर), ‘२.४.५८ किंवा पुढचं टाका’. अपडेट मारलं, रीस्टार्ट केला, व्हर्जन ढिम्म हलत नाही. सर्व्हर महापेच्या डेटा सेंटरमध्ये आहे. लवकर सांगा.

तात्या_वागळे:
ओएस कोणती? आत्ता व्हर्जन काय दिसतंय? महापे असो नाहीतर माळशेज, त्यानं काय फरक पडतो?

निशाचर:
अपाची सोडा, एन्जिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर घ्या. आम्ही कधीच गेलो, डोक्याला ताप नाही.

तात्या_वागळे:
ऑक्टोबर २०२३ मध्ये रॅपिड रीसेट (विनंत्या उघडून लगेच रद्द करत सर्व्हर थकवायचा, याच जातीचा हल्ला) बाहेर आलं तेव्हा एन्जिनएक्सलाही १.२५.३ मध्ये बदल करावा लागलाच होता. घर बदलून ढेकूण जात नाहीत.

घणसोली_नाका:
महापेला जाणार असाल तर शिळफाट्याकडून येऊ नका, अडकाल.

ऐरोलीकर:
उबुंटू. २.४.५२.

मीनल_के:
म्हणजे उबुंटू २२.०४. अहो, उबुंटूवाले नंबर तोच ठेवून दुरुस्ती बॅकपोर्ट करतात, म्हणजे नव्या व्हर्जनमधली दुरुस्ती जुन्यात घालतात. स्कॅनर नुसता बॅनर (सर्व्हर स्वतःचं व्हर्जन सांगतो ती ओळ) वाचून बोंब मारतो. पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये (बदलांच्या नोंदीत) हा सीव्हीई शोधा. सापडला तर पॅच लागलाय. सोर्सवरून २.४.५८ बिल्ड करायच्या फंदात पडू नका, पुढचे सगळे पॅच तुमच्याच गळ्यात.

कोपरखैरणे७:
आयआयएसवर (विंडोजचा वेब सर्व्हर) रजिस्ट्रीतून एचटीटीपी/२ बंद करता येतं.

तात्या_वागळे:
विंडोजचं कुणी विचारलंय?
ऐरोलीकर, ही त्रुटी एचटीटीपी/२ मधली (ब्राउझर आणि सर्व्हर बोलतात त्या भाषेची दुसरी आवृत्ती). ते चालू तरी आहे का? क्लायंट (ब्राउझर किंवा हल्लेखोर) स्ट्रीम, म्हणजे एक विनंती, उघडून लगेच रद्द करतो, तिची मेमरी लगेच सुटत नाही, कधीकधी कनेक्शन बंद होईपर्यंत अडकते. असे रद्द होत राहिले की रॅम भरते. पीएचपी मॉड्यूल असेल तर बहुतेक प्रीफोर्क (दर कनेक्शनला वेगळी प्रोसेस, अशी अपाची चालवायची पद्धत) असणार, आणि प्रीफोर्कवर अपाची एचटीटीपी/२ बोलतच नाही.

निशाचर:
सीडीएन (मधे उभं राहून ट्रॅफिक झेलणारी सेवा) लावा पुढे, विषय संपला.

मीनल_के:
आणि मूळ सर्व्हरचा आयपी पत्ता उघडा असेल, कुणी सीडीएनला वळसा घालून थेट आला तर?

ऐरोलीकर:
चेंजलॉगमध्ये सीव्हीईचा नंबर मिळाला. प्रीफोर्कच आहे. पण ऑडिटर म्हणतो, रिपोर्टमध्ये लाल नको. बॅनर लपवून टाकू का?

मीनल_के:
आत्ता नको, त्यांना संशय येईल. चेंजलॉग आणि उबुंटूची सिक्युरिटी नोटीस जोडून ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ (खोटा इशारा) असं लेखी मागा. नाहीतर लॉगिन देऊन स्कॅन करायला सांगा, मग स्कॅनर बॅनरऐवजी पॅकेज तपासतो.

ऐरोलीकर:
लॉगिनला क्लायंटची परवानगी लागेल, आणि त्यांचा माणूस सोमवारपर्यंत रजेवर.