भ्रम 'होतो' की माणूस 'करून घेतो'?

मंदार (रामबाग, इंदूर): परवा इथे कुणी लिहिलं, 'भ्रम म्हणजे फसलेला तर्क. चार पुरावे समोर ठेवा, माणूस भानावर येतो.' त्याला पन्नास जणांनी मान डोलावली. राहवलं नाही म्हणून लिहितोय. भ्रम म्हणजे इथे मनाच्या आजारातली, पुराव्यानंही न हलणारी खोटी समजूत. जर्मन मनोविकारतज्ज्ञ यास्पर्सनं १९१३ मध्येच दाखवलं की आधी विचार नव्हे, वातावरण बदलतं. गल्ली तीच, माणसं तीच, पण काहीतरी शिजतंय असं वाटत राहतं; काय, ते सांगता येत नाही. त्याच्यासारख्याच मनोविकारतज्ज्ञ कोनराडनं महायुद्धातल्या मानसिक आजार झालेल्या सैनिकांवरून १९५८ मध्ये भ्रमाचे टप्पे मांडले. पहिला 'ट्रेमा', म्हणजे रंगमंचावर जाण्याआधी नटाच्या पोटात येतो तो गोळा. मग 'अपोफेनिया'. दारातली उलटी पडलेली चप्पलसुद्धा मुद्दाम ठेवलेली वाटते आणि अर्थ एकदम उलगडतो. आठवड्यांच्या घुसमटीनंतर मिळालेला तो अर्थ तुमच्या चार पुराव्यांसाठी कोण सोडेल?

शिरीष (सुदामानगर): उगम तर्कात नाही, मान्य. पण समजूत टिकते का, याचं उत्तर यात नाही. कॅपग्राचा भ्रम घ्या, १९२३ चा. बायको हुबेहूब तीच, पण ही तोतया! चेहरा ओळखला जातो, ओळखीबरोबर उठणारी भावना मात्र उठत नाही, असं एलिस आणि यंग या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये मांडलं. पुढे त्वचेवरच्या घामाच्या (म्हणजे भावना उठल्याच्या खुणेच्या) मोजणीत तसं दिसलंही. मात्र मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांतही ओळखीच्या चेहऱ्याला घामाचा प्रतिसाद येत नाही, आणि ते कुणाला तोतया म्हणत नाहीत. म्हणजे आलेली कल्पना तपासून टाकून देण्याची ताकदही बिघडावी लागते. भ्रम व्हायला विचित्र अनुभव पुरेसा आहे हे मानसशास्त्रज्ञ ब्रेंडन मेहरचं १९७४ चं म्हणणं इथे अडतं.

मीनल (लोकमान्यनगर): आणि मण्यांचा प्रयोग? हक, गॅरेटी, हेम्सली या संशोधकांचा, १९८८ चा. एका बरणीत ८५ मणी एका रंगाचे, १५ दुसऱ्या, दुसरीत उलट. एकेक मणी बघून बरणी ओळखायची. भ्रम असलेल्यांनी कमी मण्यांत निकाल दिला. घाई आहेच.

मंदार: गणित करून बघा. लागोपाठ दोन मणी एकाच रंगाचे आले की बरणी तीच असण्याची शक्यता ९७ टक्के. दोन मण्यांवर थांबणारा चुकतो कुठे? शिवाय ती माणसं आधीच आजारी होती. सुरुवात कशी झाली, हे त्यातून कळणारच नाही.

वसुधा (स्नेहलतागंज): अहो, आधी शब्द नीट करा. पुस्तकं भ्रमाला 'संभ्रम' म्हणतात. संभ्रमात पडलेल्याला काय करावं ते सुचत नाही. इथे माणूस ठाम असतो! 'भास' म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं. आपल्या इंदुरात घरोघरी भ्रमाला 'वहम', म्हणजे नुसती शंका, म्हणतात, म्हणून घरचे शंका फेडत बसतात आणि उपचार लांबतात.

शिरीष: विषय कुठे नेताय?

वसुधा: विषयातच आहे. भ्रम 'होतो', समजूत 'करून घेतो'. पहिल्यात यास्पर्स, दुसऱ्यात मण्यांवाले. क्रियापद निवडलं की बाजू निवडली.

शिरीष: साफ चूक. जर्मनमध्ये भ्रमाला 'वान' हा एकच शब्द, तरी तिथे दोन तट पडलेच! वाग्नर नावाच्या शिक्षकानं १९१३ मध्ये बायको-मुलांना मारलं, मग मुल्हाउझेन गावात जाऊन गोळ्या झाडल्या. आपली जुनी लाजिरवाणी गोष्ट गावाला कळलीय आणि गाव हसतंय, हा त्याचा भ्रम. मनोविकारतज्ज्ञ गाउपनं त्याला वर्षानुवर्षं तपासलं आणि अपराधाची बोच, स्वभाव, आयुष्य यांतून तो भ्रम समजतो असं सांगितलं. क्रेत्श्मर या दुसऱ्या मनोविकारतज्ज्ञानं १९१८ मध्ये तेच पुढे नेलं. यास्पर्स मात्र खरा भ्रम समजण्यापलीकडचा मानतो. भांडण शब्दाचं नव्हतं, रुग्णाकडे बघण्याचं होतं.

वसुधा: जर्मनचं असेल तसं. इथे 'वहम' ऐकून डॉक्टरकडे न नेलेल्यांचं काय?

मंदार: वाग्नरपुरतं गाउपचं मानावं लागतं. आणि 'वहम' शब्दानं नुकसान होतं, तेही.

मीनल: मण्यांवरचा माझा हट्ट सोडते. पण मग रुग्णाच्या पहिल्या भेटीत 'कोण मागावर आहे' हे नंतर. आधी विचारा, 'सगळं वेगळं वाटायला कधी लागलं, आणि झोप कधी उडाली?'

शिरीष: आणि तिसरं: 'तेव्हा दुसरं काही कारण असेल असं वाटलं होतं का?' ते वाटणं कधी थांबलं, ती तारीख लिहून घ्या.