एक देखणा देनारियस की अकरा झिजलेले?

टाकसाळकर (रेडिंग, इंग्लंड)

मागच्या महिन्यात मी माझ्याकडचे अकरा देनारियस, म्हणजे रोमन चांदीची नाणी, विकून टाकले. आठ वर्षांत एकेक करून जमवलेले होते. त्यातले बरेचसे असे, की सम्राट कोण ते नाकावरून ओळखायचं. आलेल्या पैशात थोडी भर घातली आणि एकच घेतला: सम्राट ट्राजनचा, साडेचारशे पौंडांना. बायको म्हणाली, "अकरा देऊन एक आणलास, याला हिशेब म्हणतात का?" म्हणून हा धागा.

आधी नाणं कसं आहे ते सांगतो. व्यास १८ मिलिमीटर, आपल्या जुन्या चार आण्याच्या नाण्याच्या आसपास. ट्राजनचे केस कपाळावर पुढे विंचरलेले आहेत आणि त्या बटा मोजता येतात. मानेमागे मुकुटाच्या फितीची गाठ, तिची दोन टोकं खाली लोंबतायत. उलट्या बाजूला शस्त्रांच्या ढिगावर गालाला हात लावून बसलेला डेशियन कैदी. डेशिया म्हणजे आजचा रुमेनिया. ट्राजनने १०१ ते १०६ या काळात दोन लढायांत तो जिंकला. कैद्याभोवती लेख आहे, 'सिनेट आणि रोमन जनतेकडून सर्वोत्तम प्रमुखाला'. याच छापाचा एक झिजलेला माझ्याकडे होता. त्यात हा कैदी बटाट्याच्या पोत्यासारखा दिसायचा.

माझं म्हणणं एवढंच, की रोमन चांदीत खरी किंमत ठसा कोरणाऱ्याच्या हाताला आहे. पेराएवढ्या जागेत हरलेल्या माणसाची मान कशी झुकते हे त्याने दाखवलंय. ते झिजलं की उरते तीन ग्रॅम चांदी. तेव्हा नव्याने जमवणाऱ्यांनी दहा स्वस्त घेण्यापेक्षा थांबावं आणि एक चांगलं घ्यावं. पटतंय का?

जुनाबाजारी

नाणं सुंदर, वादच नाही. पण अकरा विकून एक? छ्या!

माझ्याकडे एकच रोमन आहे, मार्क अँटनी या सेनापतीचा. ऑक्टेव्हियनशी (पुढचा सम्राट ऑगस्टस) शेवटची झुंज व्हायच्या तोंडावर, इ.स.पू. ३२-३१ मध्ये, सैन्याचे पगार भागवायला त्याने ही नाणी ढिगाने पाडली. एका बाजूला वल्ह्यांचं गलबत, दुसऱ्या बाजूला गरुडध्वज आणि खाली तुकडीचा नंबर. चांदीत तांब्याचा हात जरा सढळच. रोमन लेखक प्लिनी तर लिहितो की अँटनीने लोखंड मिसळलं. मग झालं काय, की चांगली चांदी लोक दाबून ठेवायचे नाहीतर वितळवायचे, आणि ही हिणकस पुढच्याच्या गळ्यात मारायचे. अँटनी ती झुंज अ‍ॅक्टियमला हरला, पुढच्या वर्षी मेलाही. नाणी मात्र पुढे दोनशे वर्षं बाजारात फिरत होती.

माझ्या नाण्यावर गलबताची नुसती सावली उरलीय. कडेजवळ नखाच्या टोकाएवढी चंद्रकोर ठोकलेली आहे. आत तांबं तर नाही ना, हे बघायला कुणा सराफाने मारलेली. तुमच्या ट्राजनला हात कुणाचे लागले? एकाने पाडला, दुसऱ्याने मडक्यात घातला, खेळ खलास. नाणं असून त्याने कधी भाजी आणली नाही.

टाकसाळकर

मडक्यात घातला म्हणून तर तो माझ्यापर्यंत पोचला! बरं, तुमच्या नाण्यावरची तुकडी कितवी?

जुनाबाजारी

पाचवी किंवा सहावी. मला भिंगाखाली सहावी दिसते, घरच्यांना पाचवी.

टाकसाळकर

हाच तर माझा मुद्दा आहे.

भट्टीकाका (सांगली)

दोघेही 'चांगली अवस्था' म्हणजे काय ते माहीत असल्यासारखं बोलताय. मी धातुशास्त्र शिकवण्यात जन्म घालवला, मला अजून खात्रीने सांगता येत नाही.

जमिनीत हजार-दीड हजार वर्षं पडलेली चांदी पांढरी, लखलखीत बाहेर येत नाही. मीठ असलेल्या मातीत तिच्यावर क्लोराइडचा तपकिरी थर चढतो, शिंगाच्या रंगाचा. तो रसायनाने काढतात. त्याखाली खड्डे निघाले तर कुणी ते घासून सपाट करतो, आणि त्याहून हुशार माणूस गेलेल्या बटा सुईने पुन्हा कोरतो. म्हणून बटा मोजता येतात म्हणालात तेव्हा माझा पहिला प्रश्न हा, की त्या ठशातून आल्यात की सुईतून? दहापट भिंग घ्या. ठोकून पाडलेल्या नाण्यात धातू कडेकडे वाहिल्याच्या बारीक रेघा असतात. अक्षरांच्या बुडाशी त्या चालू राहिल्या तर बरं लक्षण. केसांभोवतीच तेवढ्या तुटल्या तर विक्रेत्याला फोन करा.

दुसरं म्हणजे, वाजवून बघू नका. 'खणखणीत नाणं' हा शब्द आपल्याकडे पक्का बसलाय, पण जुनी चांदी आतून कणाकणाच्या सांध्यात गंजते. वरून गुळगुळीत, आतून खडीसाखर. टेबलावर टाकलंत आणि दोन तुकडे झाले तर आवाज खणखणीत येईल, नाणं गेलेलं असेल.

तिसरी गंमत तिसऱ्या शतकातली. सुरुवात आधीची: सम्राट नीरोने इ.स. ६४ साली देनारियसचं वजनही घटवलं आणि कसही. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसपर्यंत चांदी निम्म्यावर आली. त्याच्या मुलाने, काराकल्लाने २१५ मध्ये दोन देनारियसच्या दराचं नवं नाणं काढलं, त्यात चांदी जेमतेम दीड देनारियसची. पुढे २७० च्या सुमाराला त्यात शंभरात पाचही भाग उरले नाहीत, वरून नुसता मुलामा. त्या काळचं 'उत्तम चांदीचं नाणं' म्हणून जास्त पैसे मोजता, तेव्हा शाबूत राहिलेल्या मुलाम्याचे मोजता. कल्हई टिकली म्हणून पातेलं महाग!

माझं स्वतःचं पाप पण सांगून टाकतो. कॉलेजात असताना नहपान या क्षत्रप राजाचं एक चांदीचं नाणं मिळालं होतं. दिवाळीत आईची भांडी घासता घासता तेही दंतमंजनाने घासलं. चेहरा होता तो गेला. त्याच्याभोवती ग्रीक अक्षरांचे अवशेष होते, तेही गेले. झगमगीत मात्र असं झालं की आईला फार आवडलं.

खोदकाम (पुणे)

मला पुरातत्त्वाची विद्यार्थिनी म्हणून राग येतोय, तो आवरून लिहिते. देखणं की झिजलेलं हा प्रश्नच दुय्यम आहे. नाणं कुठून आलं?

इतकी न झिजलेली नाणी बहुतेक गाडलेल्या ठेव्यांतून येतात. १९९२ मध्ये इंग्लंडच्या सफोकमधल्या हॉक्सनला एक गृहस्थ शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा धातुशोधक यंत्राने शोधत होते आणि त्यांना रोमन ठेवा लागला. त्यांनी सगळं उपसलं नाही, कळवलं. म्हणून तज्ज्ञांना ते जमिनीत जसं रचलं होतं तसं बघता आलं. लाकडी पेटी कुजून गेली होती, पण कशावर काय ठेवलं होतं ते समजलं. चांदीचीच चौदा हजारांवर नाणी निघाली. त्यातल्या बहुतेकांच्या कडा कातरलेल्या, सम्राटाचं डोकं मात्र शाबूत. चांदी चोरायची पण चेहऱ्याला धक्का नाही लावायचा! टाकसाळकर, तुमच्या कसोटीवर ही सगळी नापास. ब्रिटिश म्युझियममध्ये तो ठेवा आहे आणि तो हातोडासुद्धा. रेडिंगहून जाऊन बघाच.

आता दुसरी बाजू. सीझरच्या खुनानंतर ब्रूटसने दोन खंजिरांचं नाणं पाडलं. त्याची सोन्यातली एक प्रत २०२० मध्ये लंडनच्या लिलावात तीस लाख पौंडांच्या वर गेली. अवस्था अप्रतिम. पुढे मालकीचा इतिहास बनावट निघाला आणि २०२३ मध्ये नाणं ग्रीसला परत द्यावं लागलं. आपल्याकडे १८७८ पासून कायदा आहे की दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. किती जण कळवतात ते जुन्या बाजारात फिरणाऱ्यांना विचारा.

जुनाबाजारी

मला का मध्ये ओढता, ताई? माझ्या अँटनीची पावती आहे. जुनाट आहे, पण आहे.

टाकसाळकर

खोदकामताई, राग मान्य. पण या देशात सापडलेलं नाणं कळवायची सोय आहे, नोंदी होतात, आणि संग्रहालयाला नको असलेलं रीतसर परत मिळतं. सगळ्यांना एकाच मापाने चोर ठरवू नका. बल्गेरियात रेका देव्न्याला १९२९ मध्ये एकाच ठिकाणी ऐंशी हजारांवर नाणी मिळाली. बाजारात रोमन चांदी आहे ती कुणी काल थडगं फोडलं म्हणूनच नव्हे.

आता प्रामाणिकपणे, माझ्या ट्राजनबरोबर आलेल्या चिठ्ठीवर 'युरोपातील जुना संग्रह' एवढंच आहे.

कुटाळ

अकरा गेले, एक आला आणि त्याचीही कुंडली मिळेना. स्थळ बघताना आपण याहून जास्त चौकशी करतो.

रेवाकाठ

इतका वेळ भारत आलाच नाही याचं नवल वाटलं. रोमन चांदी आपल्या दारात येऊन पडलेली आहे. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात भडोचला आयात होणाऱ्या मालात सोन्याचांदीचे देनारियस आहेत, आणि स्थानिक नाण्यांशी बदलताना त्यात नफा होतो असंही म्हटलंय. दक्षिणेत सापडणारे देनारियस मुख्यतः ऑगस्टस आणि टायबेरियसचे, म्हणजे नीरोने हात मारायच्या आधीचे. आपल्या व्यापाऱ्यांना भट्टीकाकांचा तास कुणी घेतला नव्हता, तरी कस कळत होता.

पण मुद्दा अवस्थेचा. तमिळनाडूत पुदुकोट्टईला १८९८ मध्ये पाचशे एक सोन्याची रोमन नाणी मिळाली. बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा घाव. का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. हे नाणं आता चलन नाही, धातू आहे, असं जाहीर करायला घाव घातला, हे मला सर्वांत पटतं. लिलावाच्या यादीत याला 'खराबी' म्हणतील आणि किंमत पाडतील. माझ्या लेखी रोमचं नाणं भारतीय झालं ते त्या घावाने. नाशिकजवळच्या जोगळटेंभीच्या ठेव्यात नहपानाची नऊ हजारांवर नाणी आहेत, त्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप ठोकलाय. चेहरा विद्रूप झाला म्हणून ती कुणी टाकून देईल का?

टाकसाळकर

रेवाताई, घाव घातलेलं मी कधी बघितलंच नव्हतं. फोटो शोधले. पहिल्यांदा अंगावर काटा आला, मग बराच वेळ बघत बसलो. तरी विकत घेईन का? नाही. खोटं कशाला बोलू, मला तो बसलेला कैदीच बघायचा असतो.

भट्टीकाका, भिंग लावलं. रेघा अक्षरांखाली सलग आहेत, केसांपाशीही. एका कानाजवळ शंका आहे, फोटो खासगी निरोपाने पाठवतो.

विक्रेत्याला मेल केली होती. उत्तर आलं, की नाणं एका जुन्या लाकडी ट्रेमधून आलं आणि त्यात प्रत्येक नाण्याखाली हाताने लिहिलेली गोल चिठ्ठी होती. चिठ्ठ्या 'मळलेल्या' म्हणून त्यांनी टाकून दिल्या.

खोदकाम (पुणे)

टाकून दिल्या?? कधी?

टाकसाळकर

या सोमवारी. त्यांच्याकडे कचरा गुरुवारी उचलतात म्हणे. उद्या बुधवार, सकाळी रजा टाकून जातोय.

जुनाबाजारी

हातमोजे घेऊन जा. आणि त्या अकरांतला एखादा परत मिळत असेल तर माझ्यासाठी विचारा, जेवढा झिजलेला तेवढा बरा.