ब्रॅम्प्टनमध्ये बेसमेंट भाड्याने द्यायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, कॅनडात ब्रॅम्प्टनला आमचं २००४ सालचं घर आहे, बेसमेंट आधीच्या मालकाने किचन-बाथरूमसकट फिनिश केलेलं पण परमिटचा कागद कुठेच नाही. आईबाबा भारतात परत गेले, मॉर्गेजचा हप्ता वाढला, म्हणून भाड्याने द्यायचा विचार आहे. पण लपूनछपून नाही करायचं हो, खाली कुणाची तरी लेकरं झोपणार, आग लागली तर त्यांना बाहेर पडता आलंच पाहिजे.

बिल्डिंग परमिट काढून सिटीकडे सेकंड युनिट (त्याच घरातलं दुसरं स्वतंत्र बिऱ्हाड) म्हणून रजिस्टर करावं लागतं, वरखाली एकमेकांना जोडलेले स्मोक अलार्म लागतात, एवढं कळलंय. आता अडलंय ते असं, जुन्या घराला छताची उंची १.९५ मीटर चालते पण आमच्याकडे डक्टखाली (हीटिंगची हवा नेणारा पाइप) जरा कमी भरतेय, तेवढ्यासाठी अडवतात का? आणि मधल्या छताचं फायर सेपरेशन (आग वरखाली पसरू नये म्हणूनचा थर) दाखवायला छताचा सगळा ड्रायवॉल (जिप्सम बोर्ड) फोडावा लागतो की थोडा उघडून चालतं? बेडरूमची खिडकी लहान आहे, ती मोठी करायला फाउंडेशन कापावं लागेल, त्याला इंजिनियरचं ड्रॉइंग लागलं का तुम्हाला?

कुणी असं जुनं काम नंतर लीगल करून घेतलं असेल तर अंदाजे खर्च आणि किती महिने लागले तेही सांगा प्लीज.