तागाची सुतळी विणताना अंगठ्याचं मूळ दुखतंय. काम सोडायचं नाहीये, मार्ग सुचवा

नमस्कार. जरा सविस्तर लिहितेय, कारण नुसतं ‘हात दुखतो’ म्हटलं की ‘मऊ लोकर घ्या’ हेच उत्तर येतं. कृपया तेवढं सोडून सांगा.

लोकरीचं विणकाम मी वीसेक वर्षं करतेय. स्वेटर, टोप्या, मोजे, सगळं करून झालंय आणि हात कधी कुरकुरला नाही. यंदा पहिल्यांदाच तागाची सुतळी सुयांवर घेतली. तीनपदरी, साधारण २ मिमी जाड. ८ मिमीची धातूची गोल सुई, ६४ टाके, मोठी पिशवी करायची आहे. तळ झाला, आता कडा वर चढतायत. २२ फेऱ्या झाल्या आहेत. वीण साधीच आहे, एक सुलट एक उलट आणि पुढच्या फेरीत त्याच्या विरुद्ध.

दुखणं दोन जागी आहे. पहिलं डाव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाला लागून. डाव्या सुईवरचे टाके टोकाकडे सरकवायचं काम हा अंगठा करतो. लोकरीचा टाका नुसत्या स्पर्शाने सरकतो, सुतळीचा प्रत्येक टाका ढकलावा लागतो. गोल सुईची दोरी आणि सुई जिथे जोडलेली असते तिथे तर टाके अडून बसतात, एकेक करून चढवावे लागतात. दुसरं दुखणं उजव्या तर्जनीचं. सुतळी तिच्यावरून जाते, त्या जागी पेरावर लाल चर पडलाय. परवा तिथली कातडी सोलवटली.

एक टाका कसा होतो ते सांगते, म्हणजे चूक कुठे आहे हे कुणाला तरी दिसेल. सुईचं टोक टाक्यात घालते. टाका इतका आवळलेला असतो की टोक जेमतेम आत जातं. सुतळीचा वेढा देते आणि ती निसटू नये म्हणून तर्जनीने ओढून धरते. वेढा बाहेर काढते, नवा टाका टोकाजवळच तयार होतो, मग बोटाने त्याला मागे सारते. तो मागे जायला तयार नसतो. असे ६४ झाले की एक फेरी. सुरुवातीला एका फेरीला दहा मिनिटं लागत होती, आता पंधरा लागतात, कारण मध्ये थांबून हात झटकावा लागतो.

कारण मला थोडंफार कळतं. लोकरीचा तंतू मुळातच कुरळा असतो, ताणला तर तुटायच्या आधी जवळजवळ तीस टक्के लांबतो आणि सोडला की परत येतो. ताग एक-दोन टक्क्यांपलीकडे लांबत नाही. म्हणजे लोकर विणताना जी सवलत धागा देत होता ती आता माझ्या सांध्यांना द्यावी लागतेय. पण कारण कळलं म्हणून दुखणं थांबत नाही.

मग सोडत का नाही? कारण इतकं समाधान मला बऱ्याच वर्षांत विणताना मिळालेलं नाही. सुतळीचा टाका जिथे ठेवला तिथेच राहतो. लोकरीत टाके एकमेकांत मिसळून जातात, इथे प्रत्येक टाका गव्हाच्या दाण्यासारखा वेगळा उठून दिसतो. एक उलट चुकून सुलट झाला तर हात फिरवला तरी कळतं, डोळ्यांची गरज नाही. सुतळी सुईवरून जाताना बारीक खरखर होते, आणि तळव्याला तो वास लागतो, कोरडा, थोडा तेलकट. काल रात्री सुई काढून बाजूला ठेवली, टाके जाड दोऱ्यावर घेतले आणि पिशवी टेबलावर उभी केली. आधाराशिवाय उभी राहिली. अर्धवट विणलेलं काही असं स्वतःच्या पायावर उभं राहताना मी कधी पाहिलं नव्हतं. तिच्याकडे बघत बराच वेळ बसले.

लोकर विणताना माझं मन दुसरीकडे असतं, हात आपोआप चालतात. इथे तसं जमत नाही. सगळं लक्ष त्या एका टाक्यावर. तासाभराने उठते तेव्हा बोटं दुखत असतात आणि डोकं मात्र धुऊन काढल्यासारखं स्वच्छ असतं. हे मला गमवायचं नाहीये.

तर, हात बदलून बघू का? सुया लाकडी घेऊ का? कुणी म्हणतं सुतळी ओली करून विणा, ते खरं आहे का? आणि हे दुखणं सवयीने जाणारं आहे की थांबायची खूण आहे?

प्रतिसाद १

ताई, तुमची अडचण तुम्हीच लिहिली आहे, ‘नवा टाका टोकाजवळच तयार होतो’. सुईचं टोक निमुळतं असतं. तिथे वेढा आवळला की टाका ८ मिमीचा होतच नाही, ५-६ मिमीचा होतो. लोकर ताणली जाते आणि तो टाका जाड भागावर चढतो, म्हणून वीस वर्षं तुम्हाला हे जाणवलं नाही. सुतळी ताणली जात नाही, म्हणून अंगठ्याने रेटावं लागतं, आणि पुढच्या फेरीत त्याच आवळलेल्या टाक्यात टोक घालावं लागतं. दोन्ही त्रास एकाच ठिकाणाहून येतायत.

उपाय असा. वेढा दिल्यावर उजवी सुई आणखी आत घाला, सुतळी जाड भागाला टेकू द्या, मगच टाका सोडा. आणि वेढा दिल्यावर ओढू नका. लोकरीत ती शेवटची ओढ आपण नकळत देतो, कारण लोकर परत सैल होते. सुतळी निसटत नाही, तिच्या खरखरीतपणामुळे ती जागेवर राहते. तिला धरून ठेवावं लागत नाही हे हाताला शिकवायला मला चार दिवस लागले.

लाकडी सुया घेऊ नका. घसरड्या धाग्याला लाकूड चांगलं, पण खरखरीत धाग्याला धातूच बरा. जोड मात्र गुळगुळीत हवा, तो नखाने तपासा. नख अडलं तर सुतळीही अडणार.

प्रतिसाद २

मी दुखण्याबद्दल लिहिते, कारण मी दुर्लक्ष केलं आणि नंतर तीन महिने सुयांना हात लावता आला नाही.

अंगठा मुठीत दाबून मूठ करंगळीच्या बाजूला हळूच वाकवा. अंगठ्याच्या बाजूला मनगटात सणक आली तर अंगठ्याच्या स्नायुबंधांभोवतीच्या आवरणाला सूज असू शकते. याला डी क्वेर्व्हेन म्हणतात. जोरात करू नका, एकदा बघा आणि सोडा. आणि रात्री अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना मुंग्या येत असतील किंवा ती बधिर होत असतील तर ते वेगळं, मनगटातली नस दबत असू शकते. दोन्हींपैकी काही जाणवलं तर डॉक्टरांना दाखवा, इथल्या सल्ल्यावर थांबू नका. सवयीने बोटाची कातडी घट्ट होते. सांध्याचं दुखणं सवयीने जात नाही, उलट मुरतं.

तोपर्यंत घड्याळ लावून वीस मिनिटं विणा आणि उठा. कोपर उशीवर टेकलेलं असू द्या, पिशवीचं वजन मांडीवर किंवा टेबलावर येऊ द्या, मनगटावर नको. तर्जनीला कापडी चिकटपट्टी गुंडाळा, पण पेराच्या वर आणि खाली, सांध्यावर नको.

प्रतिसाद ३

ओली करण्याबद्दल. हा सल्ला लिननचा, म्हणजे जवसाच्या धाग्याचा आहे. लिनन आणि हेंप (भांगेच्या झाडाचा धागा) ओले झाल्यावर जास्त मजबूत होतात, म्हणून ते ओलसर विणलेले चालतात. तागाचं उलट आहे, भिजला की तो कमजोर होतो. त्यामुळे बुडवू नका. फवाऱ्याने गुंड्यावर वरवर पाणी मारा, दहा मिनिटं झाकून ठेवा, तेवढ्याने सुतळी नरमते आणि कुसंही कमी उडतात. काम ठेवताना पूर्ण वाळवून ठेवा, नाहीतर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते निघत नाहीत. तो तेलकट वास गिरणीतला आहे, धागा कातण्याआधी तागाला तेलाचा हात देतात. मोकळ्या हवेत ठेवला की कमी होतो.

मी आणखी एक करतो. विणायच्या आधी लागेल तेवढी सुतळी खुर्चीच्या पाठीच्या दांडीवरून चार-पाच वेळा पुढे-मागे ओढून घेतो. ताठपणा मोडतो आणि सुटी कुसंही तिथेच गळतात. नाकाला फडकं बांधा, ती धूळ घशात बसते.

सरळ सुयांवर काही करणार असाल तर स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवर विणणाऱ्या बायकांचा पट्टा डोळ्यासमोर आणा. कमरेला चामड्याचा पट्टा, त्यावर घोड्याचे केस भरलेली चामड्याची गादी, गादीला भोकं, आणि उजव्या सुईचं मागचं टोक त्या भोकात रोवलेलं. सुईचा भार कमरेवर जातो, उजवा हात फक्त धागा फिरवतो. मी तसाच एक जाड कापडाचा करून घेतलाय, दोन्हीकडे टोकदार असलेल्या सुया त्यात खोचून जाड दोर विणतो.

मूळ प्रश्न विचारणारीचं उत्तर

तिघांचेही मनापासून आभार. आठ दिवसांनी लिहितेय, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

मुठीची ती हालचाल केली. सणक आली नाही, नुसतं ओढल्यासारखं वाटलं. मुंग्या नाहीत. तरी चार दिवस पूर्ण थांबले आणि डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली आहे.

नंतर टोकावर न विणता जाड भागावर टाका घ्यायला लागले. पहिली फेरी भयंकर गेली, कारण खालचे टाके जुनेच, आवळलेले होते. दुसऱ्या फेरीत टोक सहज आत गेलं तेव्हा मी थांबून परत बाहेर काढून पाहिलं, खरंच गेलं का म्हणून. तर्जनीची ओढ अजून सुटत नाहीये, दर दहा-बारा टाक्यांनी लक्षात येतं आणि बोट सैल करते. दांडीवरून सुतळी ओढून घेण्याचा तर फारच उपयोग झाला, खाली कुसांचा एवढा ढीग पडला की तो सगळा आधी माझ्या मांडीवर आणि नाकात जात होता हे लक्षात आलं.

आता नवा प्रश्न. २२ फेऱ्या आवळलेल्या आणि वरच्या ६ सैल, त्यामुळे पिशवीला मध्येच स्पष्ट रेघ दिसतेय आणि वरचा भाग बाहेर फाकतोय. उसवायची माझी तयारी आहे. पण एकदा विणलेली सुतळी उसवल्यावर तिचा पीळ सुटलेला असतो आणि ती नागमोडी होते. लोकरीची लड करून धुऊन वजन लावून सरळ करतात तसं तागाला भिजवून चालणार नाही ना? की वाफ देऊन ताणून वाळवू? कुणी केलं असेल तर सांगा, तोवर टाके दोऱ्यावर काढून ठेवलेत.