शाइएन माउंटन: डोंगराच्या पोटात इमारती स्प्रिंगांवर का?

कातळवाट: अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळच्या शाइएन माउंटनमधल्या नोराडच्या (अमेरिका-कॅनडाच्या संयुक्त हवाई संरक्षण दलाच्या) तळाबद्दल दोन शंका आहेत. तळ अणुहल्ल्यात टिकावा म्हणून डोंगराच्या पोटात खोदलाय. डोक्यावर जवळपास ६०० मीटर ग्रॅनाइट असताना आतल्या १५ इमारती स्प्रिंगांवर कशाला? आणि मुख्य बोगदा डोंगरातून आरपार का नेला? स्फोटाची लाट थेट आत नाही का शिरणार?

भूमिगत: शिरू दे, म्हणूनच तो आरपार आहे. लाट एका तोंडातून येते, दुसऱ्यातून निघून जाते. बोगदा पुढे बंद असता तर ती टोकावर आपटून उलटली असती आणि तिथला दाब दुपटीहून जास्त झाला असता. २५ टनी दारं याच कारणाने बाजूच्या भिंतीत आहेत, उत्तरेच्या तोंडापासून सुमारे अर्धा किलोमीटर आत. लाट त्यांना घासून पुढे जाते, समोरून धडकत नाही. दारं एकामागे एक अशी दोन आहेत.

लोखंडी: आता स्प्रिंगा. ग्रॅनाइट किरणोत्सार अडवतो, पण जमिनीतून येणारा हादरा तो उलट चांगलाच पोचवतो. कडक खडकात कंपनं लवकर विरत नाहीत. त्यासाठी १,३१९ स्प्रिंगा, प्रत्येकी साधारण ४५० किलोची. इमारती पोलादी पत्र्याच्या, सांधे वेल्डिंगचे. त्यामुळे विद्युतचुंबकीय स्पंदापासूनही (अणुस्फोटाबरोबर येणारा, विजेची उपकरणं निकामी करणारा झटका) बचाव होतो. खडकाला इमारत कुठेच टेकता कामा नये. पाण्याचा पाइप, केबल, हवेचा डक्ट, जे जे खडकातून इमारतीत येतं त्याला लवचिक जोड हवाच. एक पाइप जरी ताठ जोडला तरी हादरा त्याच वाटेने आत येणार, नाहीतर पाइप तरी तुटणार. इमारत आणि खडक यांच्यातल्या मोकळ्या फटीत सामान रचून ठेवणंही तितकंच घातक.

भूमिगत: खडक एकसंध होता असंही समजू नका. १९६१ मध्ये खोदाई सुरू झाली. पुढे दालनांच्या एका छेदावर छतात भ्रंश (खडक तुटून सरकलेली भेग) लागला, तिथे सळयांच्या काँक्रीटचा भलामोठा घुमट बांधावा लागला. बाकी ठिकाणी रॉक बोल्ट (खडकात खोल बसवलेल्या पोलादी सळया), आणि दगड सुटून पडू नयेत म्हणून जाळी.

कातळवाट: दारं लावल्यावर वीज-पाण्याचं काय?

लोखंडी: वीज १,७५० किलोवॉटच्या सहा डिझेल जनरेटरांची. खरी अडचण उष्णतेची. बाहेरच्या शीतकरणावर विसंबता येत नाही, म्हणून इंजिनांची उष्णता आतल्या जलाशयांत सोडतात. त्यांत सुमारे १ कोटी ७० लाख लिटर पाणी असतं. पिण्या-वापरण्याचं जवळपास ५७ लाख लिटर वेगळं. जलाशयांतलं पाणी तापत गेलं की थंड करण्याची क्षमता घटते, टाकीत डिझेल उरलेलं असलं तरी. शिवाय इंजिनाला हवा लागतेच, म्हणजे तळ कायमचा हवाबंद राहू शकत नाही. लाट येताना झडपा मिटतात, एरवी हवा गाळण्यांतून येते.

भूमिगत: एक मुद्दा राहिला. हा हिशोब काही मेगाटनांचा स्फोट दोनेक किलोमीटरवर होईल, असं धरून केलेला आहे. आज क्षेपणास्त्रांचा नेम त्याहून फार अचूक आहे. रोजचं कामकाज २००८ पर्यंत जवळच्या पीटरसन या हवाई तळावर गेलं. तरीही २०१५ मध्ये नोराडचे तेव्हाचे प्रमुख ॲडमिरल विल्यम गॉर्टनी यांनी संपर्कयंत्रणा पुन्हा डोंगरात हलवत असल्याचं सांगितलं, आणि कारण दिलं ते याच विद्युतचुंबकीय स्पंदाचं.