मदत हवी आहे: ताईचा ऑन्कोटाइप स्कोअर 19, किमो घ्यायची का?

जाणकारांनो आणि यातून गेलेल्या मैत्रिणींनो, डोकं चालेनासं झालंय.

मोठी बहीण, वय 46, पाळी चालू. स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनला पाच आठवडे झाले. हार्मोन पॉझिटिव्ह (म्हणजे गाठ हार्मोनवर वाढणारी), हर-टू हे प्रथिन निगेटिव्ह, काखेत पसरलेलं नाही. डॉक्टरांनी गाठीचा ब्लॉक (जपून ठेवलेला तुकडा) ऑन्कोटाइप नावाच्या टेस्टला पाठवायला सांगितला. (खर्च ऐकून भाऊजी दोन मिनिटं गप्पच.) गाठीतली 21 जनुकं किती सक्रिय आहेत ते मोजून 0 ते 100 मधला आकडा देतात म्हणे. ताईचा आला 19.

नेटवर जिकडेतिकडे '25 पर्यंत किमो नको'. डॉक्टर मात्र म्हणतात, "वय पन्नाशीच्या आत आहे, विचार करावा लागेल. सोमवारी बोलू." मग टेस्ट केली कशाला, असं ताई विचारते. काय सांगू?

प्रतिसाद 1
डॉक्टर उगाच घाबरवत नाहीयेत. ते 25 चं गणित 2018 च्या टेलरएक्स चाचणीतलं, दहा हजारांवर बायका होत्या त्यात. पण पन्नाशीपर्यंतच्या बायकांना 16 ते 25 मध्येही किमोचा थोडा फायदा दिसला. 21 ते 25 असेल तर नऊ वर्षांत आजार दूर पसरण्याचं प्रमाण साधारण साडेसहा टक्क्यांनी कमी, 16 ते 20 ला जेमतेम दीड टक्का. 19 म्हणजे अगदी बांधावर. गाठीचा आकार आणि ग्रेड (पेशी किती बिघडलेल्या दिसतात ते) लिहिलीच नाहीत तुम्ही!

धागाकर्ती
सॉरी, फाइल शोधली. 1.8 सेंमी, ग्रेड 2.

प्रतिसाद 1
मग चित्र बरंच बदलतं. ग्रेड 2 आणि 2 सेंमीच्या आत म्हणजे त्या चाचणीच्या हिशेबात क्लिनिकल रिस्क, म्हणजे आकार आणि ग्रेडवरून धरलेला धोका, कमी. 2019 मध्ये त्याच बायकांची माहिती अशी वाटून पाहिली, तेव्हा 16 ते 20 स्कोअर आणि कमी रिस्क असलेल्या तरुण बायकांत किमोचा फायदा दिसला नाही.

अजून एक. या वयात किमोने पाळी थांबते, फायद्यातला काही वाटा त्याचाच असावा असं बऱ्याच तज्ज्ञांना वाटतं. म्हणून सोमवारी सरळ विचारा: किमोऐवजी हार्मोनच्या उपचाराच्या गोळ्यांसोबत अंडाशयाचं काम थांबवणारी इंजेक्शनं चालतील का? मी डॉक्टर नाही, वहिनीच्या वेळी हे सगळं वाचावं लागलं. शेवटचा शब्द त्यांचाच.

धागाकर्ती
ताईला वाचून दाखवलं. म्हणाली, "वहीत लिहून घे. तिथे खुर्चीत बसले की मला काही सुचत नाही."