मदत हवी आहे : लग्न कराडला, आम्ही दोघं न्यू जर्सीत, ग्रीन कार्डसाठी विवाह नोंदणीचा दाखला कुठून आणायचा?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी,

ग्रीन कार्डच्या अर्जाचं काम लग्नाच्या दाखल्यापाशी अडलंय. ज्यांनी यातून वाट काढलीय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. हातात वेळ फार नाही.

आमचं लग्न फेब्रुवारी २०१६ मध्ये कराडला एका मंगल कार्यालयात झालं. होम, सप्तपदी, कन्यादान, सगळं रीतसर. सासर कराड तालुक्यातलंच. लग्नानंतर लगेच दोघंही अमेरिकेत परतलो. मी तेव्हा एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर शिकत होते, पुढे मला स्वतःचं एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा मिळाला. एच-४, म्हणजे एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा, घ्यायची वेळच आली नाही, त्यामुळे इतक्या वर्षांत लग्नाचा दाखला कुणी मागितला नाही. नोंदणी झालेली नाही.

नवऱ्याची ईबी-२ ची (नोकरीवरच्या ग्रीन कार्डचा एक गट) प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख, २०१३ च्या अखेरची आहे आणि आता आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डचा प्रत्यक्ष अर्ज, भरता येईल अशी चिन्हं आहेत. मी त्याच्या अर्जावर जोडीदार म्हणून. कंपनीच्या वकिलाने कागदांची यादी पाठवली, त्यात माझ्या नावापुढे पहिलंच कलम विवाह प्रमाणपत्र.

हाताशी आहे ते असं: लग्नपत्रिका, फोटो, व्हिडिओ, कार्यालयाची पावती, २०१६ पासून दोघांनी मिळून भरलेले टॅक्स रिटर्न, घराची लीज आणि विमा दोघांच्या नावावर. लग्न लावलेले गुरुजी कराडातच आहेत, माझे मामाही तिथेच.

लोकांनी सुचवलेले मार्ग:

इथल्या टाऊनशिपमध्ये, म्हणजे स्थानिक नगर कार्यालयात, परवाना काढून पुन्हा लग्न करायचं. किंवा न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीत नोंदणी करायची. किंवा भारतात जायचं. पण आमच्या दोघांच्या पासपोर्टवरचे व्हिसा संपलेत, म्हणजे परत येताना स्टँपिंग, पासपोर्टवर नवा व्हिसा घेणं आलं, आणि तिथे अडकलो तर अर्ज भरायची संधीच जाईल. सासूबाई म्हणतात, दीर सगळं करून घेतील, तुम्ही फक्त सह्या करून कागद पाठवा.

यातलं टिकणारं काय? आणि एक, लग्नात माझं नाव बदललं होतं. पासपोर्टवर माहेरचंच आहे. त्याने काही अडेल का?

मिशिगनचा_मामा

सरळ टाऊनशिपमध्ये जा. न्यू जर्सीत परवान्याला ७२ तास थांबावं लागतं, मग मेयर किंवा न्यायाधीशांसमोर लग्न, दाखला हातात. आम्ही असंच केलं होतं, माझ्या एच-४ ला काही त्रास झाला नाही.

शब्दवेल

मामा, तुमचं भारतात लग्न आधी झालं होतं का?

मिशिगनचा_मामा

नाही, साखरपुडा झाला होता. लग्न इथेच केलं.

शब्दवेल

मग तुमची गोष्ट वेगळी. कोयनाकाठ, कृपा करून घाईने टाऊनशिपमध्ये जाऊ नका. मी स्वतः इमिग्रेशनच्या कार्यालयात पॅरालीगल, म्हणजे वकिलाची सहायक म्हणून बरीच वर्षं काम करते आणि ही एक गोष्ट जीव तोडून सांगते: तुमच्या लग्नाला दुसरी तारीख जन्माला घालू नका.

बघा, २०१६ पासून प्रत्येक सरकारी कागदावर तुम्ही "विवाहित" लिहिलंय. टॅक्स रिटर्न तसे भरलेत. व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात जोडीदाराचं नाव दिलं असेल. आता आय-४८५ मध्ये लग्नाची तारीख आणि ठिकाण विचारतात, आधी किती लग्नं झाली तेही विचारतात. तिथे कराड, २०१६ लिहिणार आणि सोबत या वर्षीचा न्यू जर्सीचा दाखला लावणार? मुलाखत घेणारा अधिकारी पहिला प्रश्न हाच विचारेल की मग इतकी वर्षं तुम्ही कोण होतात. आणि टाऊनशिपच्या अर्जावर शपथेवर वैवाहिक स्थिती लिहावी लागते. "अविवाहित" लिहिलं तर ते खोटं, आणि इमिग्रेशनमध्ये खोटं विधान फार महागात पडतं.

खरं सांगायचं तर कायद्याच्या दृष्टीने नवीन लग्नही चाललं असतं, कारण मुख्य अर्जदाराचं ग्रीन कार्ड मंजूर होण्याआधी लग्न झालेलं असलं की जोडीदाराला त्याच अर्जावर येता येतं. अडचण पात्रतेची नाही, कागद एकमेकांशी बोलले पाहिजेत याची आहे. तुमचं खरं लग्न २०१६ चं, ते चांगलं भक्कम आहे. त्याचाच कागद उभा करा.

अंतरपाट

शब्दवेल यांच्याशी पूर्ण सहमत. भारतीय कायद्याची बाजू मांडतो, मी साताऱ्यात वकिली करतो.

ताई, तुमचं लग्न नोंदणीविना अपुरं आहे असं समजू नका. हिंदू विवाह कायदा, १९५५ चं कलम ७ सांगतं की रूढीप्रमाणे विधी झाले की विवाह होतो, आणि जिथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे तिथे सातवं पाऊल पडलं की तो पूर्ण होतो. कलम ८ नोंदणीचं आहे आणि त्यातच स्पष्ट म्हटलंय की नोंद झाली नाही म्हणून विवाहाच्या वैधतेला बाध येत नाही. अमेरिकेचं इमिग्रेशन खातं लग्न जिथे झालं तिथल्या कायद्याने वैध आहे का ते पाहतं. म्हणजे तुमच्याकडे लग्न आहे, पुरावा उभा करायचा आहे.

आता वकिलातीचं. परदेशी विवाह कायदा, १९६९ खाली आपल्या वकिलाती लग्न लावू शकतात किंवा त्या देशाच्या कायद्याने तिथे झालेल्या लग्नाची नोंद करू शकतात. तुमचं लग्न कराडला झालंय. ते त्या कायद्यात बसत नाही. तो मार्ग सोडून द्या.

नोंदणी व्हायची ती महाराष्ट्रात, विवाह मंडळे विनियमन व विवाह नोंदणी अधिनियम, १९९८ खाली. लग्नापासून ९० दिवसांत नोंद करायची असते, पण मुदत उलटली तरी विलंब शुल्क भरून होते. दहा-पंधरा वर्षांनी नोंदणी करणारी जोडपी आमच्याकडे नेहमी येतात, बहुतेक सगळी पासपोर्ट नाहीतर व्हिसासाठीच. दाखल्यावर विवाहाची तारीख २०१६ चीच येते, नोंदणीची तारीख वेगळ्या रकान्यात. तुम्हाला हवं आहे ते नेमकं हेच.

पण सासूबाईंना समजावून सांगा: नवरा-बायको दोघांना निबंधकासमोर स्वतः हजर राहावं लागतं. दिरांनी परस्पर दाखला आणला तर तो नियमाबाहेरचा असेल. उद्या पडताळणी झाली आणि त्या तारखेला तुम्ही दोघं न्यू जर्सीत होतात हे दिसलं, तर खऱ्या लग्नावर खोट्या कागदाचा डाग. असं बिलकुल होऊ देऊ नका.

कोयनाकाठ

खूप खूप आभार. टाऊनशिप आणि वकिलात दोन्ही डोक्यातून काढलं. दिरांना आजच फोन करून थांबवते. पण मग कोंडी तशीच राहते ना? दोघांना हजर राहायचं तर भारतात जावं लागणार, आणि आय-४८५ भरताना दोघांनी अमेरिकेत असायला हवं.

शब्दवेल

कोंडी फुटते, क्रम नीट लावला तर.

अमेरिकेच्या नियमांत सोय आहे की मूळ कागद उपलब्ध नसेल तर दुय्यम पुरावा द्यावा, आणि प्रतिज्ञापत्रं द्यावीत, किमान दोन, लग्न प्रत्यक्ष पाहिलेल्या आणि तुम्ही दोघं सोडून इतर व्यक्तींची. आई-वडील चालतात, मामा चालतात, गुरुजी तर उत्तमच. प्रत्येकात त्या व्यक्तीचं पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख, जन्मस्थळ, तुमच्याशी नातं आणि लग्नाबद्दल त्यांना स्वतःला काय ठाऊक आहे ते हवं. "आमच्या माहितीप्रमाणे यांचा विवाह झाला आहे" असं एका ओळीचं मोघम प्रतिज्ञापत्र कुचकामी. मामांनी लिहावं की मी वधूचा सख्खा मामा, अमुक तारखेला कराडच्या अमुक कार्यालयात मुहूर्तावर मी वधूच्या पाठीशी उभा होतो, अंतरपाट दूर झाल्यावर वधूवरांनी हार घातले, पुढे होम आणि सप्तपदी माझ्यासमोर झाली. बघितलेलं माणूस असंच सांगतं आणि वाचणाऱ्यालाही ते पटतं.

त्यासोबत पत्रिका, निवडक फोटो, पावती, टॅक्स रिटर्न. आणि नोंदणी का नाही, याचं तुमच्या दोघांच्या सहीचं साधं निवेदन. प्रतिज्ञापत्रं मराठीत असली तर इंग्रजी भाषांतर जोडा. भाषांतर करणाऱ्याने खाली लिहून सही करायची की मला दोन्ही भाषा येतात आणि हे पूर्ण व अचूक आहे. नोटरी लागत नाही.

हे लावून आय-४८५ भरा आणि त्याच पाकिटात आय-१३१, म्हणजे ॲडव्हान्स पॅरोलचा अर्ज (ग्रीन कार्डचा निर्णय व्हायच्या आत बाहेर जाऊन परत यायची परवानगी). ते हातात आलं की भारतात जाऊन नोंदणी करा. परत येताना स्टँपिंगची गरज नाही, पॅरोलवर येता येतं. पण पॅरोल मंजूर व्हायच्या आत देश सोडू नका, तसं केलं तर आय-१३१ सोडून दिल्यासारखं होतं. मध्ये आरएफई, म्हणजे आणखी पुरावा मागणारी नोटीस आली तर उत्तराला जास्तीत जास्त ८४ दिवस मिळतात, तेव्हा नोंदणीचा दाखला पाठवता येईल.

प्रतिज्ञापत्रांवर अर्ज भरायला तुमचा वकील तयार आहे का, ते मात्र आधी लेखी विचारा. कंपनीचे काही वकील दाखल्याशिवाय पाकीटच पाठवत नाहीत. तसं असेल तर स्वतंत्र वकिलाचा सल्ला घ्या. तिथे पैसे वाचवू नका.

पैठणी_निळी

धाग्यातच विचारते, विषय जवळचा आहे. भावाचं लग्न डिसेंबरमध्ये ठरलंय, तो टेक्सासला. मुलीकडचे म्हणतात आत्ता गणपतीत तो येईल तेव्हा नोंदणी उरकून घेऊ, म्हणजे तिच्या एच-४ ची अपॉइंटमेंट घेता येईल, विधी डिसेंबरमध्ये. ओळखीच्या दोघांनी केलंय. चालतं का?

अंतरपाट

चालत नाही, आणि हे कळकळीने सांगतोय. नेमक्या याच प्रकारावर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये डॉली रानी विरुद्ध मनीषकुमार चंचल या प्रकरणात निकाल दिलाय. विधी न करता दाखला काढून नोंदणी केली होती. न्यायालयाने म्हटलं, हिंदू विवाह कायद्याखाली विधीच झाले नसतील तर नुसत्या नोंदणीने विवाह होत नाही, आणि तो दाखला रद्दबातल ठरवला. वेळ वाचवायला व्हिसासाठी आधी नोंदणी करून ठेवायच्या पद्धतीवर न्यायमूर्तींनी निकालपत्रात स्पष्ट नापसंती नोंदवलीय.

खरंच घाई असेल तर विशेष विवाह कायदा, १९५४ आहे. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य, मग नोटीस, त्यानंतर ३० दिवस थांबायचं, आणि विवाह अधिकाऱ्यासमोर तीन साक्षीदारांसह लग्न. त्या दिवशी ते खरोखर नवरा-बायको होतात. डिसेंबरचा सोहळा मग खुशाल करा, पण सगळ्या फॉर्मवर तारीख नोंदणी विवाहाचीच लिहायची. गणपतीत एकाच फेरीत उरकायचं तर नोटिशीची तयारी आधीपासून हवी.

पैठणी_निळी

निकालाबद्दल घरात कुणालाच माहिती नव्हतं. वडिलांना दाखवते. धन्यवाद.

डच_इंद्रायणी

युरोपातल्या वाचकांसाठी एक भर. अमेरिकेला अपोस्टिल (कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का) लागत नाही, पण आमच्याकडे नेदरलँड्सला भारतातल्या विवाह दाखल्यावर लागतं. दाखल्यावर आधी राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. जर्मनीला भारताचं अपोस्टिल चालत नाही, तिथली पडताळणीची रीत वेगळी आहे. ज्या देशात जायचंय तिथली अट आधी वाचा.

तांबडी_माती

कोयनाकाठ ताई, नावाचा प्रश्न मागे पडलाय म्हणून लिहितो. मी तुमच्याच भागातल्या एका ग्रामपंचायतीत काम करतो.

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं नाव घरात राहू दे, अर्जात पासपोर्टवरचं लिहा. नोंदणीच्या नमुना 'ड' च्या अर्जात नावं भरताना घरचे कौतुकाने नवीन नाव लिहितात, पुढे नमुना 'ई' चं प्रमाणपत्र तसंच निघतं आणि पासपोर्टशी जुळत नाही. मग दुरुस्तीसाठी पुन्हा हेलपाटे, तेही अमेरिकेतून. दोघांच्या पासपोर्टची झेरॉक्स समोर ठेवून एकेक अक्षर जुळवा, वडिलांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंगसुद्धा. पत्रिकेवर नाव वेगळं छापलं असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. प्रमाणपत्र सही होऊन हातात आलं की खिडकीवरून हलायच्या आत वाचा.

नोंद नगरपालिकेत करायची की गावच्या ग्रामपंचायतीत, ते दिरांना आधी दोन्हीकडे विचारून ठेवायला सांगा. त्यांची मदत इथे घ्या, हे काम ते तुमच्याशिवाय करू शकतात. लागतील त्या गोष्टी: दोघांचा वयाचा आणि रहिवासाचा पुरावा, पत्रिका, लग्नातला दोघांचा एकत्र फोटो, पासपोर्ट साइझ फोटो, तीन साक्षीदार ओळखपत्रांसह, गुरुजींची माहिती आणि सही, कोर्ट फी स्टँप. गुरुजींचं वय झालं असेल तर त्यांची सही आणि तुमच्या अमेरिकेच्या अर्जासाठीचं प्रतिज्ञापत्र आत्ताच करून घ्या, तुमच्या येण्याची वाट बघू नका.

कोयनाकाठ

मामा उद्याच गुरुजींकडे जाणार आहेत. वकिलाला ईमेल केलाय: प्रतिज्ञापत्रांवर आय-४८५ आणि आय-१३१ एकत्र भरायची तयारी आहे का, आणि पॅरोल आल्यावर नोंदणीसाठी भारतात जायला हरकत आहे का. उत्तर आलं की इथेच लिहीन. शब्दवेल, प्रतिज्ञापत्राचा मसुदा मराठीत करून टाकला तर एक नजर टाकाल का?

शब्दवेल

नक्की. फक्त नावं, पत्ते, जन्मतारखा काढून टाका, उघड्या धाग्यावर ते नको. आणि मामांना त्यांच्या शब्दांत सांगू द्या, तुम्ही लिहून देऊ नका. सगळी प्रतिज्ञापत्रं एकाच साच्यातली दिसली की अधिकाऱ्याला शंका येते.